करवत काठ

देवपुजारी सरांच्या घरी, धरमपेठेत,
टीव्हीला वायरीने बांधलेलं ते यंत्र
पाटीपेक्षाही लहान होतं.
कळा खोडरबरासारख्या मऊ.
एक दाबली की अक्षर नाही, अख्खा हुकूम उमटायचा:
छाप.
काय छापायचं, एवढंच आपण सांगायचं.

मी गणिताला जायची तिथे,
गोळीबार चौकातून सायकलने,
मे महिन्यात, तोंडाला ओढणी गुंडाळून.
फी नव्हती. दर दिवाळीला एक साडी, असं ठरलेलं.

सरांचा विभाकर त्यावर जहाजं काढायचा.
कंसांची शिडं, बेरजेच्या खुणांचं पाणी.
नागपुरात बसून समुद्र.
एकदा म्हणाला, तू काढ काहीतरी.
मला चित्र येत नव्हतं.
मला काठ येत होता.

/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\
/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\/\

उजवीकडे कललेली रेघ सहज मिळायची.
डावीकडे कललेलीला कसरत:
दोन कळा एकदम, त्या सोडून
पुन्हा एक धरून दुसरी.
घरीही तसंच.
बाबांच्या हातात धोटा आपोआप यायचा,
पलीकडचा, काठाचा, मी फेकायची
शाळेच्या आधी दोन तास, फळीवर बसून.
/ म्हणजे बाबा.
\ म्हणजे मी, अर्धवट झोपेत.

आडवी घरं बत्तीस. ओळी बावीस.
त्यापुढे यंत्र विचारायचं, सरकवू का,
आणि उत्तर मिळेतो थांबून राहायचं.
इतवारीतला कुठलाच शेठ
आमच्यासाठी इतका थांबला नव्हता.

बाबा साडी द्यायला आले त्या दिवशी
चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
सर म्हणाले, पोरीनं केलंय, बघा.
बाबांचे ओठ हलत होते.
मला वाटलं, भरून आलंय त्यांना.
ते मोजत होते.

"सातव्या ओळीत एक घर चुकलं बाई तुयं.
दात मोडला तिथं."

विभाकर हसला.
मग त्याने बोट लावून मोजलं.
मग हसला नाही.

दुरुस्त करणार तेवढ्यात लाईन गेली.
कूलर गुरगुरत थांबला,
पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका उरला,
तोही आत गेला.
बाबा अंधाऱ्या काचेकडे बघत होते,
काचेत त्यांचंच धोतर दिसत होतं.
"आता? आता याले उसवाचं कसं?"

उसवायला काही उरलंच नव्हतं.
कॅसेटवर मात्र होतं, चुकीसकट,
आदल्या दिवशी भरून ठेवलेलं.
कॅसेट आमच्याच घरची, सुरुवातीला बाबांचा आवाज,
नवा टेप आणला तेव्हा तपासायला भरलेला:
"हालो, हालो, डोमाजी हेडाऊ बोलून राह्यलो,"
मग खोकला, मग आईचं काहीतरी भांड्यांबद्दल,
आणि लगेच ती किंचाळी,
बत्तीस घरं, बावीस ओळी,
कानात दाभण घातल्यासारखी.

माग लाकडाच्या भावात गेला.
यंत्र कुठे गेलं, विभाकरलाही आठवत नाही.
कॅसेट मी वर्षातून एकदा वाजवते.
नातू कान झाकतो, म्हणतो, बंद कर.
मी बंद करत नाही. पूर्ण होऊ देते.

इतकी वर्षं मी धरून चालले होते
की गाळलेली रेघ माझी असणार,
ती अवघड, बोटं वाकवायला लावणारी.
परवा गणिताची वही सापडली,
मागच्या पानावर सगळ्या ओळी, पेन्सिलीने.
सातवी अशी आहे:

/\/\/\/\/\/\/\/\ \/\/\/\/\/\/\/\

सोपी होती ती. आपोआप येणारी.
हातात खोडरबर होता, पेन्सिलही.
मी वही मिटवली.