झाळणी

हुपरीला आमच्या घरी वडील चांदी झाळायचे.
फुंकणी ओठांत, दिव्याची ज्योत आडवी,
टाकणखाराचा पांढरा फेस,
आणि एवढ्याशा घुंगराच्या कडीवर
डाख पाण्यासारखा पळायचा.
गाल कधी रिकामे दिसले नाहीत त्यांचे.
हाक मारली तर नाकानंच हुंकार द्यायचे.

मी गोकुळ शिरगावला, दुसरी पाळी.
दूध संस्थांतल्या फॅट मशीनची पाटी बनते आमच्याकडं,
हिरवी, तळहाताएवढी, तीनशे बारा जोड.
कथिलाची लाट येते, खालनं चाटून जाते,
राहिलंसाहिलं माझ्याकडं, भिंगाखाली.

दोन वर्षांमागं राधानगरीकडनं एक मशीन परत आलं.
सात फॅटच्या म्हशीला पाच-चार दाखवायचं.
तेही रोज नाही, थंडीच्या सकाळीच.
सोबत वहीचं फाडलेलं पान :
अक्काताई बोंगार्डे यांनी संस्थेत येऊन
दुधात पाणी नाही म्हणून म्हशीची शपथ घेतली.
कृपया तपासणे.

बोटानं दाबलं की बरोबर, सोडलं की चूक.
चौऱ्याऐंशी नंबरचा जोड.
राखेच्या रंगाचा, वरनं धरलेला, आतनं सुटलेला.
आमच्याकडं दागिन्यालाही डाग म्हणतात, कलंकालाही.
हा दुसऱ्यातला.
पाटीच्या मागं शिक्का माझाच होता.

मग मगदूम साहेबांनी नायट्रोजन आणला.
"काय करतोय ह्यो?" नसीमनं विचारलं.
"काही नाही," साहेब म्हणाले.
"काहीच करत नाही. म्हणून तर आणला."

ऑक्सिजनला तेवढा बाजूला सारून बसतो,
वितळल्या कथिलावर साय धरायच्या आत.
आधी दर दोन तासांनी झाऱ्यानं खपली काढायचो,
गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तशी.
आता पाळीभरात ओंजळ भरत नाही.
माझ्या सोल्डरिंग गनच्या टोकाभोवतीही
एक बारीक नळी आलीय.
वास नाही, रंग नाही,
कानाशी धरली तर
शेजारी कुणी झोपलंय एवढाच आवाज.
जोड असा बसतो की
त्यात समोरच्या खिडकीचे गज मोजावेत.

टाकीच्या खोलीवर मात्र एक मीटर टांगलाय.
आत पंखा बंद असेल तर जायचं नाही.
हा काहीच न करणारा
माणसालाही तसाच बाजूला सारेल,
साधा ठसकासुद्धा लागणार नाही.
नसीम त्या दारापुढनं जाताना
अजून श्वास धरते.

खंडेनवमीला घरच्यांना आत सोडतात.
मशीनला झेंडूची माळ, वडिलांच्या कपाळाला गुलाल.
मोतीबिंदूचा नसलेला डोळा भिंगाला लावून
बराच वेळ बघत राहिले.
मग नळीखाली बोट धरलं.
"गार हाय की."
"व्हय."
"कोन फुकतंय?"

मी टाकी दाखवली.
म्हटलं, तुमच्या फुंकेतही बाबा,
पाचातला जवळजवळ चार हिस्से हाच होता.
त्यांनी गाल आत ओढले,
तिकडचे दात आता नाहीत.
"म्हंजे चाळीस वर्सं
काय न करनाऱ्यालाच फुकत बसलो म्हन की,"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
गुलाल भिंगावर सांडला,
तो पुसायला मला स्पिरिट लागलं.

अक्काताईंना फरकाचे पैसे मिळाले का,
म्हशीवरची शपथ कुणी उतरवली का,
मला माहीत नाही. विचारायला गेले नाही.
ती पाटी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
चौऱ्याऐंशी नंबर अजून झाळलेला नाही.
पाळी सुरू होताना एकदा अंगठ्यानं दाबते,
सोडते,
मग नळीचा कॉक उघडते.