उपाशीपोटी

शिरोड्याच्या आरोग्य केंद्रात दर मंगळवारी
मी बोटं मागते.
आधी विचारते, "उपाशी इलास मां?"
"होय गो. नुसती पेज घेतलंय."

पेज म्हणजे खाणं नव्हे, हे इथं
कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.
पेज म्हणजे पाणी. घावणे म्हणजे तोंडात टाकायला काहीतरी.
जेवण म्हणजे भात,
आणि नको म्हटल्यावर वाढलेला भात म्हणजे माया.

बोटं आता ओळखीची झालीत.
सुलोचना मोटकरणीच्या अंगठ्यावर विळीची रेघ.
इनास फर्नांडिसचं बोट भट्टीनं इतकं राठ
की सुई दोनदा टोचावी लागते.
भिवा गिरपाच्या तर्जनीत जाळ्याच्या दोरीची
कायमची खाच, तिथून रक्त येत नाही,
मी शेजारचं बोट धरते.

तीनशे बारा.
भिवानं आकडा ऐकला, बांगड्याचा भाव ऐकावा तसा:
"वाढतलो काय उतरतलो?"

डॉक्टरांनी कागदावर ताट काढलं,
चार भाग केले, एका भागात लिहिलं: भात.
भिवा त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.
"इतको तर आमी कावळ्याक घालतो."
हसलो सगळे. मीसुद्धा, हातात कापूस घेऊन.

पुढल्या महिन्यात आला तेव्हा
तो लंगडत नव्हता, तेच वाईट होतं.
तळव्यात कालवाचं शिंपलं, चार दिवसांचं.
बायकोला सापडलं, लादीवरचे डाग बघून:
फक्त उजवा पाय,
ओटीपासून चुलीपर्यंत.
पाण्यात उभं राहून
पायाखालची वाळू कशी सरकते त्यावरून
ओहोटी सांगणारा माणूस.
मी जखम धूत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता,
मी दुसऱ्याच कुणाचा पाय धुतेय असा.

जाताना त्यानं ताटाचा कागद मागून घेतला,
घडी घालून टोपीत ठेवला.
"बायलेक दाखवतलंय. करवंटयेन मापता ती तांदूळ.
बारको नारळ बघूक व्हयो."

त्या दिवशी पंचवीस सुयांची डबी फोडली होती.
तेवीस माणसं आली.
उरलेल्या दोन मी मोजल्या, वहीत लिहिल्या,
आणि माझी बोटं पदराला पुसून
डबी मिटली.

घरी आई थांबली होती.
उकडा भात, वाफाळलेला, वर तिखल्याचा लाल ओघळ.
मी पुरे म्हणाले
दुसऱ्या डावानंतर.