दुसरी खाच

कुतायसीच्या दुकानात पोरगं विचारतं,
कार्डाला दोन खाचा लागतातच का?
मलखाझ आपल्याच कॅमेऱ्याचं दार उघडून दाखवतो.
चोखातौरीचं लग्न. पहिलं कार्ड
केक कापायच्या आधीच गेलं,
हूं की चूं न करता.
दुसऱ्यात सगळं होतं:
शिंगातून वाइन पिणारा, नवरीचा बाप ओतार,
त्याच्या मिशीवरचा थेंबसुद्धा.

"लागतात," तो म्हणतो. "दोन खाचांचाच घे."

मग ते इवलंसं दार लावतो.
अंगठा तिथेच राहतो.

ओतार लेकीच्या बुटाचा बंद लावायला वाकला होता
आणि लवकर उठलाच नाही.
हा तेव्हा लेन्स बदलत होता.

ते दुसऱ्या कार्डात नाही.
पहिल्यातही नव्हतं.