कच्चा रंग

काल रात्री सव्वाअकराला शेवटचा टाका घातला.
गाठ मारली, दोरा अस्तराच्या पोटात ओढून
दातानं तोडला. कात्री समोर होती, तरीही.
मग पुढं काय करायचं ते सुचेना.
अंगुस्तान काढलं तर बोटच उघडं वाटलं,
परक्या घरात पदर सरकल्यासारखं.

तेरा वर्षं.
ऋजुताच्या दहावीत सुरू केली, हॉस्टेलवर न्यायला म्हणून.
ती हॉस्टेलवर गेली, परत आली,
लग्न करून सुरतेला गेली,
गोधडी पलंगाखालच्या बॅगेत,
अर्धी.
मधली चार वर्षं मी सुईला हात लावला नाही.
त्या वर्षांचं कापड हिच्यात नाही.
विचारू नका.

बाकी सगळं आहे.
तुर्भ्याच्या कंपनीतला ह्यांचा निळा सदरा,
खिसा उसवला तिथं अजून गडद चौकोन.
इस्माईल मास्तरांच्या दुकानातली कातरणं,
कुणाची बाही, कुणाची पाठ,
नेरूळच्या सेक्टर अठरामधल्या निम्म्या बायका
एकमेकींना न विचारता शेजारी बसल्यात.
एका बँकेची फुकट मिळालेली पिशवी,
नाव आतल्या बाजूला करून.

मधोमध खाडी: राखाडी पॉपलीन.
तिच्यावर पाच बगळे, पांढऱ्या मांजरपाटाचे,
कडा आत दुमडून लावलेले,
चोचीला तीन तीन टाके.
तिसऱ्याची मान दोनदा उसवली.
सरळ कापली तर बदक होतं,
वाकवली तर प्रश्नचिन्ह.
शेवटी एका सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन
परत यायचं सोडून करावे गावाच्या तळ्यापाशी उभी राहिले,
दीड तास.
दूध नासलं. मान जमली.

आज धुतली.
बादलीत मावेना, म्हणून मोरीच्या तोंडाला बोळा कोंबून
रिठ्याच्या पाण्यात सोडली
आणि पाणी लाल झालं.
कडेची खणाची पट्टी!
पक्का रंग आहे ताई, दुकानदार गळ्याला हात लावून म्हणाला होता,
अगदी पक्का.
मी उकिडवी बसून राहिले.
नळ वाहत होता, तोही बंद केला नाही.
मग बोळा काढला.

गच्चीवर म्हात्रे वहिनींनी दुसरं टोक धरलं.
पिळता पिळता दोघींचे दंड भरून आले.
"झायली कं गो गोधरी?" म्हणाल्या,
दोरीवर पसरली, वाकून बघितलं
आणि हसतच सुटल्या:
"आगो, तुजं बगलं फ्लेमिंगो झायलं!"

पाचातले दोन झाले होते, खरंच,
पंखाखालून वर चढत गेलेला गुलाबी,
मला शिवून कधी जमला नसता असा.
तिसऱ्यावर नुसता डाग, कुणी पान खाऊन थुंकल्यासारखा.
चौथा, पाचवा कोरडे पांढरे,
आपल्या बाबतीत काही घडलंच नाही असे उभे.

ऋजुताला फोटो पाठवला.
म्हणते, किती गोड! पण आई, इथं एवढी थंडी कुठं पडते?
इथं तरी कुठं पडते.
नीट घडी घालून ठेवीन म्हणत होते,
तोवर ह्यांनी पंखा पाचावर केला,
न विचारता पायावर ओढून घेतली, उलटीसुलटी न बघता,
आणि झोपले.
निळ्या सदऱ्याचा चौकोन गुडघ्यावर आलाय.
घोरतायत.
पोटावरचा चौथा बगळा
वर होतो, खाली होतो.