ओझ्याबिगर

उदगीरच्या मोंढ्यात, पत्र्याच्या शेडखाली
फुकट तपासणीचं शिबिर लागलं,
तेव्हा आडतीवरचे आम्ही सगळे रांगेत.
मी मुनीम. गादीवरून उठून
इतका वेळ उभा राहायची सवय नाही.
माझ्यामागं सटवाजी,
पाठीवरचं तुरीचं पोतं तेवढं थप्पीला लावून आलेला.

आम्ही एकाच शाळेत होतो, एकाच बाकावर.
गणितात तो माझ्या पुढं होता.
हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

डॉक्टरीण नवी, पोरगीच.
माझी साखर बघून म्हणाली, काका, दिवसभर बसून असता?
म्हणालो, बसायचाच पगार आहे.
मग सटवाजीला : व्यायाम वगैरे करता का?
शेड हसलं. मापाडी काटा सोडून हसला.
सटवाजी मात्र खरंच विचारात पडला
आणि म्हणाला, "तसा टाइम भेटत न्हाई, ताई."

कंपाउंडरनं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.
माझ्या खिशात आलं : ओझं उचलू नका,
पाठ टेकून पडा, मणक्याचा फोटो काढा.
त्याच्या : रोज पाऊण तास मोकळं चाला.

तीन दिवस मी पडून होतो, आज्ञाधारक.
बायको म्हणाली, तुम्हाला हो कशाचं ओझं?

चौथ्या पहाटे दुधाला निघालो तर
कॉलेजच्या मैदानावर सटवाजी.
वकील, मास्तर, बँकवाले, पांढऱ्या बुटांचे,
त्यांच्या मागं हा रबरी चपलेत,
डोक्याला फडकं तसंच,
मान पुढं काढलेली, गुडघे दुमडलेले,
आणि एक हात वर, कानाजवळ,
हवेचा कोपरा घट्ट धरून.

"काय करूलालास, सटवा?"
"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, मोकळं चाल म्हणून.
पर ओझ्याबिगर पाय कुठं टाकावं, कळंना बघ.
हलकं वाटूलालंय.
भ्या वाटूलालंय."

मी चिठ्ठी काढून दाखवली, चूक सांगितली.
त्यानं आपली वाचली : पडून राहा.
चार घड्या घातल्या, परत माझ्याच खिशात सारली.
"ऱ्हाऊ दे तुझ्यापशी. पडायचं तुला जमतंय."
आणि राहिलेली फेरी पुरी करून
मोंढ्याकडं गेला. त्या दिवशी आवक जास्त होती.

रात्री वहीच्या मागल्या पानावर मांडलं :
तीस वर्षं, वर्षाचे दोनशे दिवस, रोज दीडशे पोती.
नऊ लाख.
आधीची क्विंटलाची, आताची पन्नास किलोची,
खाली फळी, वर ट्रक, मध्ये एक माणूस.
आमचे वडील म्हणायचे, कष्टाचं शरीर,
त्याला काय धाड भरतीय.
मीही म्हणत आलो. म्हणायला सोपं जातं.
पण हमालांच्या हजेरीची यादी माझ्याच हातची,
त्यात साठीपुढचं नाव शोधायला
चष्मा लागत नाही; नावच नाही.
अन् मैदानावर तो बुटांचा वकील
पंचाहत्तरीत फेऱ्या मोजतो.
त्यालाही घाम येतो. खारटच असणार.
त्याला वाटलं की तो थांबतो,
बाकावर बसतो, नारळपाणी पितो.
सटवाजीला थांबायला
ट्रक रिकामा व्हावा लागतो.

आता अमावस्येला, मोंढा बंद असतो तेव्हा,
आम्ही दोघं चालतो.
पहिल्या फेरीला त्याचा हात वरच असतो.
तिसरीला कधी खाली येतो, कधी येत नाही.

परवा म्हणाला, "म्हयन्याला एक दिस, वर्साचे बारा.
सांग मुनीम, ह्यानं माझं किती वाढलं?"
पेन खिशात होतं. काढलं नाही.
म्हणालो, बोलू नको, श्वास सांभाळ.
"माझा हाय की जाग्यावर," तो म्हणाला,
"धाप तुला लागूलाली."