बूच

भुसावळात पारा सेहेचाळीसवर.
रात्रीच माठाच्या पाण्यात सोडले होते
ओंजळभर मोगरे, देठ खुडून, मुंग्या झटकून.
सकाळी गाळून त्यात खडीसाखर विरघळवली,
आचेशिवाय.
उकळलं की वास उडतो,
हे मागच्या खेपेला कळलेलं.

नाशकाहून आणलेली बाटली
कूलरच्या टाकीत निजवून ठेवलेली.
लाइट गेली, पाणी कोमटू लागलं,
मग संध्याकाळ कशाला बघा,
गच्चीवर जाऊन तार सोडवली.

बूच उडालं ते थेट
फेगडेकाकूंच्या वाळत्या बिबड्यांवर.

कठड्यापाशी आल्या, बूच मुठीत.
"काय फुटलं व माय?"

स्टीलचा पेला. तळाशी दोन चमचे मोगरा,
लिंबाचे चार थेंब,
पेला तिरपा धरून वरून हळूच वाइन.
कान लावला त्यांनी आधी,
गरम तव्यावर पाणी शिंपडावं तसं
आत काहीतरी बोलत होतं.
मग वास. मग घोट.
"नाकात चावतंय," म्हणाल्या,
आणि पेला परत केला नाही.

जाताना बूच पदराला पुसून घेतलं,
तेलाच्या बाटलीला होईल म्हणून.

रात्री कठड्यावरून हाक :
"बसत नाही गं, फुगलंय."
"एकदा सुटलं की फुगतंच, काकू."

अंधारात दोघी का हसत सुटलो,
कोण जाणे.