अर्धा आणा कमी

पहाटेचे पावणेपाच. लळिंगच्या पायथ्याशी
महामार्गावरचे ट्रक अजून दिवे लावून धावतात.
मी डावा हात आभाळाकडे धरून उभी.
मनगटावर बारीक हिरवी रेघ गोल फिरते :
उपग्रह शोधत आहे.
ढाब्यावरचा पोऱ्या कपबशा विसळता विसळता विचारतो,
ताई, रेंज नाही का?

मग एकदाची टिक.
कुरणातून आत. अंजनाला नुकता फुटलेला तांबूस पाला,
पायाखाली मुरूम, मग काळा दगड, मग परत मुरूम.
सपाटीला किलोमीटरला सहा पस्तीस,
चढावर नऊ, कधी दहा.
चढावर घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलंय.
बघते.

वळणावर धुडकू ठेलारी मेंढ्या अडवून उभा.
“काय व माय, कोन लागेल शे मांगे?”
कोणी नाही आबा. सराव आहे.
“कितलं पयनी?”
सात पूर्णांक दोन.
तो काठी बगलेत धरून जरा वेळ
सात पूर्णांक दोनकडे बघतो.
“आनि घर कितलं राह्यनं?”

घळीत उतरले तेव्हा घड्याळ गप्प झालं होतं.
ते घरी आल्यावर कळलं.
नकाशावर घळीच्या जागी एक सरळ रेघ,
या काठापासून त्या काठापर्यंत,
जशी मी उडालेच.
बसत, सरकत उतरलेला दगडांचा उतार,
बोराटीनं धरून ठेवलेली बाही,
गुडघ्याची साल, सायाळीचा एक काटा
(तो खिशात आहे, दाखवू शकते)
यातलं काही नाही.
तीनशे मीटर तरी खाल्ले यानं, मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून
पडदा डोळ्यांजवळ नेला.
मोजणी खात्यात एकतीस वर्षं साखळी धरली त्यांनी.
साक्री, शिरपूर, शिंदखेडा.
तेहेतीस फूट, सोळा आणे, टोकांना पितळी मुठी,
आणि समोर बांधावर
एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ.
ताणून धरायची. झोळ पडला
की कुणाचं तरी शेत उगाच लांबतं.

“रेघ बरोबर आहे,” ते म्हणाले.
“उतारावर आम्हीपण साखळी भुईला टेकवायचो नाही.
आडवी ताणायची, ओळंबा सोडायचा.
चढउतार सरकार धरत नाही.”
मग माझ्या गुडघ्याकडे बघून,
“हळद लाव.”

संध्याकाळी घड्याळ त्यांच्या हातात बांधलं.
डेअरीपर्यंत जाऊन या, म्हटलं, गंमत म्हणून.
फाटकाशी ते हात वर करून उभे राहिले,
दुधाची किटली दुसऱ्या हातात.
समोरच्या खैरनारकाकू ओट्यावरून म्हणाल्या,
कोणाला बोलावताय?
अण्णा म्हणाले, वरच्यांना.
आणि चालायला लागले,
ती जुनी चाल, पाऊल टाकताना ओठ हलणारी.
मला लहानपणी वाटायचं ते जप करतात.

परत आले. किटली ओट्यावर ठेवली.
“एक्केचाळीस साखळ्या. त्यात अर्धा आणा कमी.”
घड्याळात होतं शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
पुढचं त्याला सांगता येत नव्हतं.

मी विचारलं, अण्णा, एकतीस वर्षांत
तुम्ही स्वतः किती चाललात?
ते दूध गाळत होते.
“त्याचं टिपण कुठं असतं?”
साय गाळणीवर आली, ती त्यांनी बोटानं काढून
मांजरासमोर धरली.

आज पुन्हा पावणेपाच. ट्रक, कपबशा, मुरूम.
पट्टा अजून त्यांच्या भोकावर अडकवलेला,
माझ्या मनगटाला होत नाही.
माझ्याहून बारीक कधी झाला हा हात?
दोन भोकं सैल करते.
हात वर धरते.
हिरवी रेघ फिरत राहते, फिरत राहते,
आणि ती थांबायच्या आत
मी पावलं मोजायला लागलेली असते.